पाण्यावरचा भोग : वसईची खाडी आणि तिचे कोळी

वसई हे नाव उच्चारले की मराठी मनापुढे प्रथम उभा राहतो तो किल्ला. १७३९ चा तो दीर्घ वेढा, चिमाजी अप्पांनी मिळविलेला जय, आणि पुढे १८०२ सालच्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने ह्याच गावी इंग्रजांशी केलेला तह, हा सारा इतिहास शाळेतील मुलांनाही ठाऊक असतो. परंतु ज्या पाण्यामुळे किल्ल्यास किल्लेपण आले, त्या पाण्याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. तटाच्या सावलीत किल्लाबंदर आणि पाचूबंदर हे कोळीवाडे आजही नांदत आहेत. राजे आले आणि गेले. तटावरची निशाणे बदलली. पण तटाखालच्या माणसांचा भरती-ओहोटीशी चालत आलेला व्यवहार काही थांबला नाही. ह्या व्यवहारास हक्क म्हणावयाचे की नुसती सवय, आणि हक्क म्हणावयाचे तर तो कोणत्या प्रकारचा, हा प्रश्न दिसावयास साधा असला तरी आजच्या घडीस हजारो कुटुंबांचे जीवन त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

उत्तराकडे वळण्यापूर्वी ह्या प्रदेशाची ठेवण ध्यानात घेतली पाहिजे. वसईच्या दक्षिणेस उल्हास नदीचे मुख आहे. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कल्याणवरून येणारी ही नदी ठाण्याच्या उत्तरेस साष्टीच्या बेटाला वळसा घालते आणि घोडबंदरापुढे रुंदावत वसईच्या किल्ल्याजवळ समुद्रास मिळते. हीच वसईची खाडी. उत्तरेस त्र्यंबकच्या डोंगरांतून आलेल्या वैतरणेचे मुख असून त्या मुखाशी अर्नाळ्याचे लहानसे बेट पहारेकऱ्यासारखे उभे आहे. पूर्वेस तुंगारेश्वराचे अरण्य, पश्चिमेस सिंधुसागर. ह्या दोन मुखांना जोडणारी सोपाऱ्याची खाडी एके काळी इतकी खोल होती की तिच्या योगे वसई हे खरोखरीच बेट झाले होते. जुन्या नकाशांत ते तसेच दाखविलेले आढळते. नद्यांनी आणलेल्या गाळाने ही खाडी शतकानुशतके भरत आली, आणि जेथे एके काळी गलबते नांगर टाकीत तेथे मागाहून मिठागरे, शेते आणि अखेर इमारती उभ्या राहिल्या.

हा गाळ बंदराचा शत्रू असला तरी माशांचा तो मित्र आहे. नदीचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी जेथे एकत्र येते तेथे सूक्ष्म जीवांची रेलचेल असते. खाजणांत उगवणारी तिवरे पाने ढाळतात, ती चिखलात कुजतात, आणि त्या कुजण्यातून कोळंबीच्या पिलांपासून बोयांपर्यंत असंख्य जीवांचे पोषण होते. ओहोटीच्या वेळी खाडीकाठी क्षणभर उभे राहावे. चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतात, चिंबोऱ्या बिळांतून डोकावतात, खडकांस कालवे चिकटलेली असतात आणि वाळूत तिसऱ्या दडलेल्या असतात. थंडीच्या दिवसांत उत्तरेच्या दूरदूरच्या प्रदेशांतून कुरव, तुतवार आणि चिखले येऊन ह्या दलदलीवर उतरतात. तिवरांच्या आडोशाने कोल्हे हिंडतात, आणि बाहेरच्या पाण्यात कधी कधी पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन वर येऊन जातात. नागरिकाच्या दृष्टीस जी जमीन पडीक आणि दुर्गंधीयुक्त वाटते, तीच वस्तुतः ह्या समुद्राची सूतिकागृहे होत.

ह्या पाण्याचा खरा स्वामी मासा म्हणजे बोंबील. बोंबलाचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून मुंबईपर्यंत तो विपुल. रत्नागिरीच्या खाली गेले की तो विरळ होत जातो. आणि पुढे थेट बंगालच्या बाजूस गाळयुक्त मुखांपाशी पुन्हा भेटतो. गढूळ पाणी आणि जोरकस भरती-ओहोटी ही त्यास मानवतात. वसईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी ह्यांच्या पातळ्यांत सुमारे पाच मीटरांपर्यंत अंतर पडते, आणि तेवढे पाणी सहा तासांत आत येऊन पुढील सहा तासांत परत जाते. बोंबील, मांदेली, करंदी, जवळा हे सारे ह्या प्रवाहाबरोबर वाहतात. त्यांच्या मागे धावण्यात अर्थ नाही; प्रवाहात उभे राहून त्यांची वाट पाहावी, हे येथल्या कोळ्याने फार पूर्वी ओळखले. त्या ओळखीतून निर्माण झालेले साधन म्हणजे डोल.

डोल म्हणजे एक प्रचंड पिशवी. तिचे तोंड रुंद आणि त्या बाजूची वीण मोठी. शेवटाकडे ती निमुळती होत जाते आणि वीणही बारीक होते. लांबी शंभर फुटांहून अधिक. हे जाळे ओढीत नाहीत, फेकीतही नाहीत. समुद्राच्या तळात लाकडी खोडे एकास एक जोडून पक्के रोवावयाचे आणि त्यांच्या आधाराने जाळ्याचे तोंड प्रवाहासमोर धरावयाचे. ह्या रोवलेल्या स्थानास कव असे म्हणतात. भरतीने जाळे एका दिशेस फुगते. पाणी स्तब्ध झाले की होडी जवळ नेऊन शेपटाकडील गाठ सोडावयाची आणि मासळी काढून घ्यावयाची. मग ओहोटीसाठी तोंड फिरवावयाचे. कोळ्याचा दिवस घड्याळावर चालत नाही, तो तिथीवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमारास येणारी भांग ह्यांवर त्याचे काम आणि त्याची विश्रांती ठरते. पकडलेला बोंबील किनाऱ्यावरच्या वलांडीवर जोडीजोडीने टांगून वाळविला जातो. ते काम आणि पुढे बाजारात तो विकण्याचे काम मुख्यत्वेकरून कोळणींचे. घराची थैली बहुधा त्यांच्याच हाती असते.

डोलीचे हे तंत्र समजले म्हणजे हक्काचा प्रश्न कोठून उद्भवतो तेही समजते. फिरत्या जाळ्याने मासेमारी करणारे दोघे एकमेकांस टाळून जाऊ शकतात. परंतु एकाच्या कवीसमोर, प्रवाहाच्या वरच्या अंगास, दुसऱ्याने आपली कव रोवली तर पहिल्याच्या जाळ्यात पाण्याखेरीज काहीच येणार नाही. म्हणजे डोलीच्या मासेमारीत जागेचा नियम हा शिष्टाचाराचा भाग नसून पोटाचा भाग आहे. कोणी कोठे कव मारावी, दोन कवींत किती अंतर असावे, कोणत्या गावाच्या रांगा कोठवर जाव्यात, ह्यांविषयीचे संकेत कोळीवाड्यांनी आपापसांत निर्माण केले आणि जमातीच्या पंचांच्या धाकाने पाळले. त्या पाण्याचा सातबारा नाही, तेथे कुंपणही नाही. तरीही प्रत्येकास आपले स्थान ठाऊक असते. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या वर ओढावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात उतरावयाचे, ह्या रिवाजाने मासळीस विणीचा अवकाशही आपोआप मिळत असे.

अशा संकेतास प्राचीन राजसत्तेने कोणत्या दृष्टीने पाहिले? सुदैवाने ह्याविषयी काही पुरावा उपलब्ध आहे, आणि त्याचा वसईशी निकटचा संबंध आहे. सोपारे म्हणजे महाभारतातील शूर्पारक. ग्रीक नाविकांनीही ह्या बंदराचा उल्लेख केलेला आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी १८८२ मध्ये येथील स्तूप उकलला, आणि त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे उपलब्ध झाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावी सापडला. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ह्या खाड्यांवर मौर्यांची आज्ञा चालत होती. आता त्याच अशोकाने उत्तर हिंदुस्थानात उभारलेल्या स्तंभांवरील पाचव्या लेखात, ठराविक तिथींना मासे मारू नयेत व विकू नयेत असे सांगितले आहे. आणि त्या दिवशी हत्तींच्या वनांत व ‘केवटभोगां’त इतर प्राण्यांचीही हत्या करू नये असे फर्माविले आहे. केवट म्हणजे कैवर्त, मासे धरणारा. केवटभोग म्हणजे त्याच्या उपभोगासाठी असलेले पाणी. हा लेख सोपाऱ्याचा नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण मच्छीमाराच्या पाण्यास स्वतंत्र नाव होते आणि राजाच्या आज्ञेत त्याची दखल घेतली जात होती, एवढे त्यावरून निश्चित ठरते.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ह्याची दुसरी बाजू दिसते. बांधलेल्या जलाशयांतील मासे, होड्या व भाजीपाला ह्यांवर राजाचे स्वामित्व असावे असे तो म्हणतो, आणि मासे धरणाऱ्यांनी नौकेच्या भाड्यादाखल सहावा हिस्सा द्यावा असा नियम घालतो. येथे दोन शब्द वेगळे करून ठेवावयास हवेत : स्वामित्व आणि भोग. स्वामित्व राजाचे, भोग कष्ट करणाऱ्याचा. राजाने आपला भाग घ्यावा, पण भोगणाऱ्यास तेथून उठवू नये, असा हा अलिखित करार होता. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जावई उषवदात ह्याचा जो लेख आहे, त्यात शूर्पारकाचा उल्लेख आहे, आणि डहाणुका वगैरे नद्यांवर त्याने नावांनी फुकट तर घालून दिल्याचीही नोंद आहे. डहाणुका म्हणजे आजचे डहाणूच. सुमारे १९०० वर्षांपूर्वी ह्याच किनाऱ्यावरील पाण्यातून विनामूल्य जाता यावे हे एका सत्ताधीशास पुण्यकृत्य वाटले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

सोळाव्या शतकात ह्या समुद्रावर एक सर्वस्वी वेगळी कल्पना येऊन थडकली. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांस दिली. त्यांनी येथे तटबंदीचे मोठे शहर वसविले, चर्च आणि मठ बांधले, गावे आपल्या सरदारांस लावून दिली. आणि त्याबरोबरच समुद्रावरही आपले राज्य आहे असा दावा सांगितला. त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना जवळ नसेल ते जहाज ते पकडीत. ह्या दाव्याचे खंडन युरोपातूनच झाले. ह्यूगो ग्रोटियस नावाच्या डच पंडिताने १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे मुक्त समुद्र, हा ग्रंथ लिहिला. त्याचा सारा रोख पूर्वेकडील समुद्रांवर पोर्तुगिजांनी सांगितलेल्या मालकीवर होता. समुद्र कोणाच्याच कब्जात राहू शकत नाही, म्हणून तो सर्वांचा, हे त्याचे प्रतिपादन आजच्या सागरी कायद्याच्या मुळाशी आहे. ग्रोटियसच्या ह्या मुक्त समुद्रात व्यापाऱ्याच्या जहाजास मोकळी वाट मिळाली. पण एकाच जागी खुंट रोवून पिढ्यान्‌पिढ्या बसणाऱ्या कोळ्याचे स्थान त्यात कोठे, हा प्रश्न तसाच राहिला.

पोर्तुगिजांच्या दोन शतकांत वसईच्या अनेक कोळी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला; अनेक हिंदूच राहिले. आज कोळीवाड्यांत क्रूस आणि देऊळ दोन्ही आढळतात, आणि पाण्यावरच्या संकेतांत धर्माचा भेद दिसत नाही. १७३७ मध्ये मराठ्यांनी अर्नाळ्याचा किल्ला घेऊन तो नव्याने बांधला, आणि १७३९ च्या मे महिन्यात वसई हस्तगत केली. १७८० मध्ये इंग्रजांनी ती जिंकली, सालबाईच्या तहाने परत दिली, आणि पेशवाईच्या अस्ताबरोबर ती कायमची त्यांच्याकडे गेली. ह्या साऱ्या घालमेलीत जमिनीच्या मालकीचे कागद वारंवार बदलले. पाण्याचे कागदच नव्हते, म्हणून ते बदललेही नाहीत. कोळ्यांचा भोग टिकला तो कोणी त्यास सनद दिली म्हणून नव्हे. त्या पाण्यावर दुसऱ्या कोणाची नजर नव्हती म्हणून.

ती नजर एकोणिसाव्या शतकात वळू लागली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारपासून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली आणि वसईच्या मासळीस, भाजीस व केळ्यांस वाढत्या मुंबईची पेठ जवळ आली. मासळीस भाव आला की पाण्यास भाव येतो, आणि पाण्यास भाव आला की तंटे न्यायालयात जातात. १८७६ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे बबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा हा दावा आला. समुद्रात मासे धरण्यावरून मच्छीमारांमध्ये उद्भवलेला हा तंटा होता. न्यायालयाने जे तत्त्व सांगितले त्याचा आशय असा : किनाऱ्यालगतच्या समुद्रात मासे धरण्याचा हक्क सर्व जनतेचा आहे, परंतु तो प्रत्येकाने वाजवी रीतीने बजाविला पाहिजे, आणि दुसऱ्याच्या तितक्याच हक्कास अडथळा होईल अशा तऱ्हेने बजावता कामा नये, तसे करून कोणाचे विशेष नुकसान केले तर त्याविरुद्ध दाद मागता येते.

हा निकाल अनेक दृष्टींनी शहाणपणाचा होता. कोळीवाड्यांतील पंच जो न्याय देत, त्याच्याशी तो पुष्कळसा जुळतो. तरीही त्यात एक उणीव आहे. सर्वांचा हक्क म्हणजे अमुक गावाचा हक्क नव्हे. शेजाऱ्याने अडवणूक केली तर कोळ्यास ह्या तत्त्वाचा आधार होता. परंतु उद्या सरकारनेच ते पाणी दुसऱ्या कामास लाविले तर ‘हे आमचे’ असे म्हणण्यास त्याजवळ शब्द उरत नव्हता. त्याच्या भोगाचे सर्वसाधारण जनतेच्या मुभेत रूपांतर झाले, आणि मुभा ही काढून घेता येते. १८९७ च्या मत्स्यविषयक कायद्याने स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास बंदी केली. ती आवश्यकच होती. मात्र कोळीवाड्याच्या संकेतांस त्या कायद्यानेही नाव दिले नाही.

स्वातंत्र्यानंतर होडीस यंत्र आले, जाळ्यास नायलॉन आले, बर्फ आले. वसई-अर्नाळ्याच्या होड्या पूर्वी जेथवर शिडाने जात त्याच्या कितीतरी पलीकडे जाऊ लागल्या, आणि कवींच्या रांगाही उत्तरेकडे व खोल पाण्याकडे सरकल्या. तेथे त्यांची गाठ सातपाटी, मुरबे, डहाणू ह्या बाजूच्या मच्छीमारांशी पडली. सातपाटी ही पापलेटाची पेठ. तेथील मच्छीमार प्रवाहाबरोबर वाहणारी जाळी वापरतात. कवींच्या रांगांमुळे आमच्या जाळ्यांस वाट उरत नाही, आणि डोलीच्या बारीक विणीत पापलेटाची पिले मारली जातात, ही त्यांची तक्रार. आमच्या जुन्या जागा गाळाने, घाणीने आणि ट्रॉलरांनी निकामी केल्या, मग आम्ही जावे तरी कोठे, हा वसई, उत्तन व मढकडील डोलधारकांचा प्रतिप्रश्न. हा कवींचा वाद कित्येक दशके चालला आहे. शासनाच्या मध्यस्थीने बैठका झाल्या, समेट झाले, आणि पुन्हा बिनसले. दोन्ही पक्ष पारंपरिक, दोन्ही पक्ष गरजू, आणि दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. गावोगावच्या संकेतांची नोंद एकत्र कोठेच नसल्यामुळे एका गावाची परंपरा दुसऱ्या गावास अतिक्रमण वाटते.

कायदा अगदीच स्वस्थ बसला असे नाही. राज्यघटनेने किनाऱ्यालगतच्या प्रादेशिक जलांतील मासेमारी राज्यांकडे आणि त्यापलीकडील केंद्राकडे सोपविली. १९७६ च्या कायद्याने प्रादेशिक जलांची मर्यादा १२ सागरी मैल ठरली. महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा केला, उथळ पाण्यात ट्रॉलरांना मज्जाव केला, २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर कडक बंधने घातली आणि २०२१ मध्ये त्या कायद्यास अधिक धार दिली. १ जून ते ३१ जुलै ह्या काळातील मासेमारीबंदी म्हणजे नारळी पौर्णिमेच्या जुन्या रिवाजाचेच सरकारी रूप होय. २०२३ मध्ये रुपेरी पापलेटास राज्यमाशाचा मान देण्यात आला. हे सर्व नियम मासे कसे व केव्हा धरावेत हे सांगतात. ते पाणी कोणाचे भोगाचे आहे, ह्याविषयी ते मौन पाळतात.

ह्या मौनाचा आणखी एक पदर आहे. महादेव कोळी आणि मल्हार कोळी ह्यांचा समावेश अनुसूचित जमातींत होतो. समुद्रावरचे सोनकोळी त्या यादीत नाहीत. त्यामुळे आदिवासींच्या जमिनीस जे विशेष संरक्षण आहे ते त्यांस लाभत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जलाशयांतील मासळीवरचा सामूहिक हक्क मान्य केला, पण तो वनभूमीपुरता. समुद्र हे वन नव्हे आणि शेतही नव्हे. २०११ च्या किनारा-नियमन अधिसूचनेने मुंबईतील कोळीवाड्यांची स्वतंत्र नोंद करण्याची तरतूद केली. ती बृहन्मुंबईपुरती होती, वसईच्या खाडीपलीकडे ती आली नाही. शिवाय तीत घराच्या जागेचा विचार होता. कवीच्या जागेचा नव्हे.

इकडे जमिनीच्या अंगाने निराळाच दाब वाढत होता. मुंबईस पाणी पुरविण्याकरिता वैतरणा आणि तिची उपनदी तानसा ह्यांवर धरणे झाली : १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. जे गोडे पाणी एके काळी अर्नाळ्याच्या मुखाशी येत असे त्यातील बराच भाग आता महानगराच्या नळांतून वाहतो. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत ह्या शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांहून अधिक भरली. एवढ्या वस्तीचे सांडपाणी अखेर खाडीकडेच जाते. तिवरांच्या रक्षणासाठी उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश दिले आणि २०१८ मध्ये त्यांची तोड हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग होय असे ठरविले. त्याच वर्षी जुलैच्या पावसात वसई कित्येक दिवस पाण्याखाली राहिली. खाजणे आणि मिठागरे ही शहराची पाणी सामावून घेणारी ओंजळ होती, हे त्या वेळी पुष्कळांच्या लक्षात आले.

आणि आता उत्तरेस, डहाणूजवळ वाढवण येथे, मोठे बंदर होऊ घातले आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या ह्या प्रकल्पास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. समुद्रात भर घालून ते उभारावयाचे आहे. त्यापासून देशाच्या व्यापारास होणारा लाभ मोठा असेल. परंतु किनाऱ्यावरील मच्छीमारांनी त्यास दीर्घकाळ विरोध केला, त्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. रस्त्यासाठी शेत गेले तर शेतकऱ्याचा सातबारा दाखविता येतो, मोजणी होते, भरपाई ठरते. कव गेली तर दाखवावयाचे काय? जो हक्क नोंदलेलाच नाही त्याची मोजणी कशी करावयाची? १८७६ च्या निकालातील उणीव येथे उघडी पडते. कोळ्यांचा भोग आजवर दुर्लक्षामुळे सुरक्षित होता. आता त्याकडे सर्वांचे लक्ष गेले आहे आणि सुरक्षितता संपली आहे.

अशा हक्कास कायद्यात बसविता येत नाही असे कोणी म्हणेल, तर जगाचा अनुभव त्याच्या उलट आहे. जपानात किनाऱ्यावरील गावांचे मासेमारीचे जुने संकेत १९०१ च्या कायद्याने लिखित हक्कांत उतरविले, आणि १९४९ च्या कायद्याने ते गावोगावच्या सहकारी संघांच्या हाती दिले. आपल्या पाण्यात कोणी, केव्हा व कोणत्या जाळ्याने उतरावे हे तेथे पुष्कळ अंशी गावच ठरविते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकास ब्लू मड बे नावाचा उपसागर आहे. तेथील योल्ङू लोकांनी दीर्घकाळ न्यायालयात झगडून २००८ मध्ये असा निर्णय मिळविला की, त्यांच्या जमिनीवर भरतीचे जे पाणी चढते त्यात त्यांच्या अनुमतीवाचून इतरांस मासेमारी करता येणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनेही २०१४ मध्ये लहान मच्छीमारांविषयी मार्गदर्शक तत्त्वे मान्य केली, आणि त्यांत रूढीने चालत आलेल्या हक्कांचा आदर करण्यास सर्व राष्ट्रांस सांगितले आहे.

वसईस ह्यांपैकी कोणाची हुबेहूब नक्कल करण्याची आवश्यकता नाही. ब्लू मड बेच्या आसपास वस्ती विरळ. वसईच्या समुद्रात एकाच पट्ट्यावर अनेक गावांचे दावे एकमेकांवर चढलेले आहेत. अनन्य मालकी एका गावास दिली तर दुसऱ्या गावावर अन्याय होईल. परंतु मालकी आणि मुभा ह्यांच्या मधला जो जुना शब्द आहे, भोग, तो कायद्याने पुन्हा ओळखावा अशी वेळ आली आहे. प्रत्येक बंदराच्या कवींची जागा, वाहत्या जाळ्यांच्या वाटा, पिलांच्या वाढीची खाजणे, ही सर्व गावांच्या संमतीने नकाशावर उतरविता येतील. वसईचा डोलधारक आणि सातपाटीचा पापलेटवाला एकत्र बसले, तर विणीचा आकार आणि कवींचे अंतर ह्यांवर त्यांना एकमत करता येईल. कारण पिलू मेले तर दोघांचेही नुकसान आहे. भोग म्हटला की त्याबरोबर कर्तव्यही आले. पाणी राखील त्यासच पाणी भोगण्याचा अधिकार, हे तत्त्व कोळीवाड्यास नवे नाही.

इतिहास वाचताना वाचकाचे लक्ष साहजिकच वेढ्यांकडे आणि तहांकडे जाते. वसईच्या किल्ल्यात आज कोणी राजा नाही आणि पोर्तुगिजांच्या चर्चांच्या भिंतींवर वडपिंपळ वाढले आहेत. परंतु तटाबाहेर, भरतीच्या वेळी, प्रवाहासमोर तोंड करून फुगलेली जाळी अद्याप उभी आहेत. अशोकाच्या लेखनिकाने ज्या गोष्टीस एका शब्दात नाव दिले, तिला आजच्या कायद्यात नाव नसावे, हे आपल्या प्रगतीस शोभणारे नाही. ते नाव देण्याचे काम समुद्रात भर पडण्यापूर्वी व्हावयास हवे. भर पडल्यानंतर नोंद करण्यासाठी कवी उरणार नाहीत.